भोंगा शांतता मोजतो

कचेरीत त्याला सगळे भोंगा म्हणत आणि त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. असती तर ती तिन्ही मजल्यांवर ऐकू गेली असती. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर एखादा विषय काढायचा आणि टेबलापाशी पोचेपर्यंत त्या विषयाचं लग्न लावून, पोरंबाळं मोठी करून मोकळा व्हायचा. हसला की आधी खिडक्यांच्या काचा थरथरत, मग लोक विचारत, "काय झालं?" दाढदुखीने तो एकदा रजेवर गेला तेव्हा सगळ्यांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं खरं, पण त्याच दिवशी सगळ्यांची कामंही वेळेवर उरकली. त्यामुळे दुःख कुणी उघड बोलून दाखवलं नाही.

आणि अशा माणसाला सरकारने काम काय द्यावं? शांतता मोजायचं!

कचेरीचं नाव होतं परिणाम तपासणी कक्ष. सरकारला कुठलंही मोठं काम काढायचं असलं, म्हणजे रस्ता, पूल, धरण असं काही, तर कायदा सांगायचा की बाबांनो, आधी त्याचा आजूबाजूवर काय परिणाम होईल ते तपासा, कागदावर मांडा, लोकांपुढे ठेवा, त्यांच्या हरकती ऐका, दुसरा पर्याय आहे का बघा आणि मगच पहिली कुदळ मारा. कक्षात कुणी पाणी तपासायचं, कुणी माती. एक बाई पक्षी मोजायच्या. चौदा वर्षांपूर्वी ध्वनीची जागा रिकामी झाली तेव्हा साहेबांनी दूरदृष्टी दाखवली. आवाज मोजणारा माणूस दिवसच्या दिवस बाहेर असतो आणि मोजणी चालू असताना त्याला तोंड उघडता येत नाही. एका दगडात दोन पक्षी. पक्षी मोजणाऱ्या बाईंनीसुद्धा या ठरावाला आनंदाने अनुमोदन दिलं.

गंमत अशी की भोंगा त्या कामात बावनकशी निघाला. सकाळी सात ते संध्याकाळी सात, तिपाईवर यंत्र, दहा पावलांवर स्टूल, मांडीवर पत्रक, तोंडात खडीसाखरेचा खडा. बोलावंसं वाटलं की खडा या गालातून त्या गालात. यंत्र नुसते आकडे धरून ठेवायचं, आवाज कुणाचा ते त्याला कळत नसे. म्हणून बाहेरचा, त्या जागेचा नसलेला आवाज आला की पत्रकातल्या शेऱ्याच्या रकान्यात वेळ टाकून लिहायचा, म्हणजे हिशेबातून तेवढा वगळता येतो. भोंग्याचे शेरे कक्षात चवीने वाचले जात. "९.१४ कुत्रं, गल्लीतलं नव्हे, पाहुणं." "११.०२ ते ११.४० दोन जावांचं बोलणं. विषय पातेलं." एकही आवाज त्याच्या शेऱ्यातून निसटत नसे.

"आधी बघायचं, मग करायचं," हे त्याचं आवडतं वाक्य. येईल त्याला तो ते ऐकवायचा. फक्त त्याच्या स्वतःच्या जिभेला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. वय एक्केचाळीस, मुक्काम दादा-वहिनींकडे. लग्न दोनदा जुळत आलं आणि दोन्ही वेळा भोंग्याने पहिल्याच भेटीत इतकं बोलून ठेवलं की दुसऱ्या भेटीसाठी कुणी उरलंच नाही. वहिनी म्हणायची, "भाऊजी, तुमच्यासाठी जिला कान मिटून घेता येतात अशी बायको शोधायला हवी."

तर त्या वर्षी शहराला वळसा घालणारा मोठा रस्ता करायचं ठरलं. आखणीची रेघ एका लांबट, उतरत्या गल्लीच्या टोकाजवळून जात होती आणि त्या टोकाला एक दुकान होतं. दुकानात पियानो, व्हायोलिन, अकॉर्डियन अशी वाद्यं दुरुस्त होत आणि सुरात लावली जात. मालकीणबाई एकट्याच. तो धंदा त्यांनी वडिलांकडून उचललेला. गल्ली त्यांना सूरवाली म्हणायची.

मोजणीच्या दिवशी वाद्यांना हात लावू नये अशी नोटीस आधीच गेली होती. त्यामुळे त्या दिवशी सूरवाली रिकामी होती, हे सगळ्या अनर्थाचं मूळ. सात वाजता भोंग्याने अंगणात तिपाई मांडली. पावणेआठला तिने खिडकीतून चहा पुढे केला. चहा घ्यायचा म्हणजे तोंडातली खडीसाखर काढावी लागते. त्याने ती काढली.

"तुम्ही दिवसभर असे नुसते बसून राहणार?" तिने विचारलं.

एवढंच निमित्त पुरलं. चौदा वर्षांत कुठल्या जागेने त्याला प्रश्न विचारला नव्हता. तो उत्तर द्यायला लागला आणि दहा पावलांवरचं स्टूल नकळत तिपाईच्या बाजूला, मग खिडकीला टेकलं. तो पातेल्यावरून भांडणाऱ्या जावा सांगायचा, ती गिऱ्हाइकं सांगायची. आणि ती सांगायची कशी, चेहऱ्यावरची रेषही न हलवता! तिचं एक गिऱ्हाईक होतं दातांचे डॉक्टर. त्यांचा पियानो खडखडत होता. तिने झाकण उघडलं तर तारांवर कवळी. डॉक्टर ओरडले, ही तर आमच्या सासूबाईंची, तीन महिने शोधतोय! सासूबाई आतून म्हणाल्या, मीच ठेवली तिथे. जावयाने केलेली कवळी बसत नाही हे तोंडावर कसं सांगायचं? आणि तोंडावर सांगायला ती तोंडात नको का?

भोंगा हसला. त्या हसण्याने अंगणातली कबुतरं उडाली ती दुपारपर्यंत परतली नाहीत. मग तीही हसायला लागली. संध्याकाळी सात वाजता यंत्राने टिक केलं तेव्हा दोघांनाही वाटलं, हे बिघडलं असणार, आत्ताशी तर चार वाजले असतील. त्याने घाईने सामान आवरलं आणि पत्रक कचेरीत टाकलं. शेऱ्याचा रकाना कोरा करकरीत होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कुणी तो बघितलाच नाही. आकडे हिशेबाला गेले.

पुढचे तीन आठवडे भोंगा जमिनीवर चालत नव्हता. तिपाईचा स्क्रू राहिला का बघायला तो दोनदा त्या गल्लीत गेला आणि स्टुलाच्या पायाचं रबर शोधायला एकदा. कचेरीत आणि घरी तो चक्क गुणगुणायचा, तेही बेसूर. त्यामुळे त्याचं कुठे जुळतंय हे फक्त वहिनीने ओळखलं.

चौथ्यांदा गेला तेव्हा सूरवाली दारात उभी होती आणि तिच्या हातात अहवालाची प्रत होती.

"चौसष्ट!" ती म्हणाली. "चौसष्ट डेसिबल! अहो, माझ्या दुकानात मला भिंतीवरची पाल चुकचुकलेली ऐकू येते. तुमचं यंत्र बिघडलंय की माणसं?"

भोंग्याने कागद घेतला. लिहिलं होतं: या ठिकाणी मुळातच बराच आवाज आहे. रस्त्यामुळे त्यात नगण्य वाढ होईल. आखणी बदलण्याची किंवा भिंत बांधण्याची गरज नाही. नियमच तसा होता. शांत जागेत आवाज दहा डेसिबलच्या वर वाढणार असेल तर सरकारला दुसरी वाट शोधणं भाग. गोंगाटाच्या जागेला कोण विचारतो?

"तुम्हाला सांगते," ती त्याला हाताला धरूनच आत घेऊन गेली आणि पियानोची एक पट्टी दाबली. "ऐका. एका सुराला दोन तारा असतात. जवळजवळ सारख्या लागल्या की त्यांच्यात एक लहर उठते. मी तार पिळते तशी ती हळू होत जाते. ऐकू येतेय? आता अगदी हळू. आता विरली. विरली की सूर लागला. वीस पावलांवर ट्रक धावायला लागले तर ही लहर मला कुठून ऐकू येणार? दुकान मी रस्ता सुरू व्हायच्या आधीच बंद करायला हवं."

भोंग्याने लहर ऐकली. आयुष्यात इतकी हळू गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती.

घरी येऊन तो जेवला नाही. यंत्र चुकलं कसं, या एकाच प्रश्नावर त्याने दादाचं डोकं खाल्लं. शेवटी वहिनीने भाजी चिरायची सुरी खाली ठेवली.

"भाऊजी, मोजणीच्या दिवशी तुमचा घसा बसला होता. मी कोमट पाणी करून दिलं होतं, आठवतंय?"

"हो. मग?"

"दिवसभर गप्प बसणाऱ्या माणसाचा घसा कशाने बसतो?"

भोंग्याने तोंड उघडलं आणि मिटलं. दादाने ते दृश्य बघायला वर्तमानपत्र खाली केलं. आवाजाची सरासरी मोठी दुष्ट असते. मूठभर शेंगदाण्यांत एक खवट निघाला की सगळ्या मुठीची चव जाते, तसं एक सणसणीत हसू अख्ख्या तासाची शांतता खाऊन टाकतं. आणि इथे हसू एक नव्हतं. इथे बारा तास होते.

"आता?" वहिनी म्हणाली.

"आता काय," भोंगा म्हणाला, "सांगून टाकायचं."

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. सत्तर खुर्च्या, एकोणीस माणसं. व्यासपीठावर साहेब. कागदाशिवाय साहेब स्वतःच्या वाढदिवसावरही विश्वास ठेवत नसत. हरकती मागवल्यावर सूरवाली उठणार एवढ्यात कर्मचाऱ्यांच्या रांगेतून भोंगा उभा राहिला. कर्मचाऱ्याने आपल्याच खात्याच्या अहवालावर हरकत घ्यायची हे कुणाच्या बापजन्मात झालं नव्हतं.

"साहेब, तो आवाज माझा आहे."

"कुठला आवाज?"

"चौसष्टातला बराचसा. मोजणीच्या वेळी मी बोलत होतो. आणि हसत होतो. शेरा लिहिला नाही. चूक माझी आहे, त्या जागेची नाही. ती जागा फार शांत आहे हो, साहेब."

सभागृहात खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले. "एक माणूस बोलून अहवाल बदलतो? पुरावा काय?"

"यंत्र आणलंय."

यंत्र टेबलावर मांडलं गेलं. साहेब म्हणाले, "हसा."

आता हुकमावर हसून दाखवा बघू! भोंग्याने "हा हा" केलं. बावन्न. त्याने डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. एकोणपन्नास. साहेबांनी विचारलं, "हे हसणं आहे की दमा?" नोकरी जाईल ती जाईल, पण दुकानही जाणार. जन्मभर नको तिथे हसला आणि आज हवं तर हसू फुटेना.

तेवढ्यात मागच्या रांगेतून सूरवालीने, चेहऱ्यावरची रेषही न हलवता, एकच शब्द टाकला.

"कवळी."

त्र्याऐंशी! आकडा कागदावर आहे, कुणीही बघावा. छताच्या पंख्यावरची धूळ साहेबांच्या फाइलवर पडली. भोंगा खुर्चीची पाठ धरून वाकला होता, पक्षी मोजणाऱ्या बाई डोळे पुसत होत्या, आणि कवळीचा क सुद्धा माहीत नसलेली सतरा माणसं निव्वळ त्याच्याकडे बघून हसत होती. साहेबांनी बराच वेळ पेन शोधलं. ते त्यांच्या हातातच होतं.

हुकूम असा निघाला की जुनी मोजणी तूर्त बाजूला. शनिवारी पुन्हा मोजणी. ध्वनीला दुसरा माणूस नाही, तेव्हा हाच जाईल. आलेख साहेब स्वतः बघतील. माणसाच्या आवाजाचा एक जरी सुळका त्यात दिसला तर कसलाही शेरा चालणार नाही, चौसष्ट कायम आणि सोमवारी फाइल वर. शिवाय कारणे दाखवा नोटीस वेगळी.

शनिवारी सात वाजता भोंगा स्टुलावर बसला. दहा पावलं, मोजून. खिशात खडीसाखर अर्धा किलो. सूरवाली खिडकीत आली आणि दोघांनी नुसत्या माना हलवल्या. यंत्र छत्तीस, अडतीस, सदतीस दाखवत होतं. पानं हलली की चाळीस.

नऊपर्यंत ठीक गेलं. दहाला त्याला सांगण्यासारख्या चार गोष्टी सुचल्या. बाराला अकरा झाल्या. दोन वाजता तो असा गच्च भरला होता की कुणी टाचणी लावली असती तर फुटला असता. खिडकीतल्या बाईकडे बघावं तर बोलावंसं वाटतं, न बघावं तर त्याहून वाटतं. शेवटी त्याने पिशवी चाचपली. आत कोऱ्या नमुना चारची गड्डी होती. कुठलंही मोठं काम प्रस्तावित करायचं तर तो याच नमुन्यावर करायचा असतो. पेनाचं बटण वाजतं म्हणून त्याने मऊ पेन्सिल घेतली. दीड तास खाडाखोड करून, पाचच्या सुमाराला, चवड्यांवर चालत जाऊन तो कागद त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

प्रस्तावित काम: एका भोंग्याची कायमस्वरूपी उभारणी.

स्थळ: हे दुकान, मागची खोली आणि पुढे बाईंची परवानगी असेल तिथपर्यंत.

कामाची गरज: प्रस्तावकाला आहे. दुसऱ्या पक्षाला आहे का, याची माहिती उपलब्ध नाही.

परिणाम, ध्वनी: गंभीर. झोपेतही. वहिनीचं प्रमाणपत्र जोडता येईल.

परिणाम, झाडे: प्रस्तावकाने आजवर चार कुंड्या मारल्या आहेत. दुर्लक्षाने नव्हे, जास्त पाणी घालून.

परिणाम कमी करण्याचे उपाय: दहा ते एक, सूर लावायच्या वेळी, प्रस्तावक घराबाहेर राहील. पाऊस असला तरी.

पर्याय पहिला: काम दुसऱ्या ठिकाणी हलवणे. दोनदा करून पाहिलं. तिथल्या लोकांनी हरकत घेतली.

पर्याय दुसरा: काहीच न करणे. हा प्रत्येक नमुन्यात लिहावा लागतो, म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. हा निवडला तर इथली शांतता आहे तशी राहील, आणि ती मी मोजलेल्या सगळ्या शांततांत चांगली आहे.

सूरवालीने पहिली ओळ वाचली आणि तिचे खांदे हलले. वहिनीच्या प्रमाणपत्रापाशी तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. हे भोंग्याने आधी बघितलंच नव्हतं! जी बाई हसली तर तिचंच दुकान बुडेल, तिच्या हातात त्याने हसायचा कागद दिला होता. यंत्र एकोणचाळीस. ती कुंड्यांपर्यंत आली. एक्केचाळीस. भोंग्याने हात जोडले. ती धावत मागच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं, आणि दाराच्या काचेतून त्याला दिसलं की तिने एका पियानोवर टाकलेल्या जाड गोधडीत तोंड खुपसलंय आणि ती गोधडी हलतेय. चाळीस. एकोणचाळीस. अडतीस. त्याने खडीसाखरेचा खडा कडकन फोडला असता, पण तोही आवाजच. गिळला.

दहा मिनिटांनी ती बाहेर आली. डोळे लाल, नाक लाल. त्याच्याकडे न बघता तिने पेन्सिल उचलली आणि हरकती व सूचनांच्या रकान्यात लिहायला बसली. किती लिहीत होती! इतक्या हरकती? धरणालाही येत नाहीत एवढ्या. लिहून झाल्यावर कागद तिने पालथा घातला आणि त्यावर तळहात ठेवून बसून राहिली. सातला अजून पाऊण तास होता. भोंग्याच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पाऊण तास, आणि तोसुद्धा बिनबोलता.

यंत्राने टिक केलं. सरासरी अडतीस. रस्त्याने आवाज दहाच काय, पंचविसाने वाढला असता. कायद्याने आता दुसरी वाट शोधणं आलं. तो हे तिला सांगणार, पण ती आधी पोटभर हसून घेत होती. पाच वाजल्यापासूनचं सगळं हसू तिने एकदम बाहेर काढलं आणि कबुतरं पुन्हा उडाली. मग तिने कागद पुढे केला.

पहिली हरकत अशी होती की दहा ते एक बाहेर राहायची गरज नाही, मागचं दार जाड आहे, आजच खात्री झाली. दुसरी, कुंड्यांना हात लावू नये. तिसरी, एका दिवसाच्या मोजणीवर निष्कर्ष काढता येत नाही. नियमाप्रमाणे चारही ऋतूंत मोजणी व्हावी आणि मोजणीच्या वेळी प्रस्तावकाने गप्प बसू नये, नाहीतर खरा परिणाम कळणार कसा? भोंगा हसायला लागला होता. हसतच तो खाली आला, जिथे त्याने काहीच न करण्याचा पर्याय लिहिला होता. तिथे समासात, बारीक अक्षरात, तिने एकच ओळ लिहिली होती.

"बाबा गेल्यापासून चार वर्षं हाच पर्याय चालू आहे."

त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"अहो, बोला की आता," ती म्हणाली. "सात वाजून गेले."

त्याने स्टूल उचललं, दहा पावलं चालत आला आणि ते खिडकीला टेकवलं.

"सांगतो," तो म्हणाला. "सकाळपासून अकरा गोष्टी साठल्यात."